कॉमिकवरचा चित्रपट येणार असेल, तर तयारी कशी करावी

आवडत्या सुपरहिरो कॉमिकवर चित्रपट येणार असल्याची घोषणा होते, त्यानंतर पहिला खेळ लागेपर्यंत वर्ष-दोन वर्षे सहज जातात. हा काळ अफवा चघळण्यात न घालवता मूळ कॉमिक बारकाईने वाचण्यात घालवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण पानावर काय आहे हे ज्याला नेमके ठाऊक असते, त्यालाच पडद्यावर काय बदलले आणि ते का बदलावे लागले, हे उमगते.

प्रथम चित्रपट कोणत्या कथानकावर बेतला आहे, ते शोधावे. बॅटमॅन १९३९ पासून आणि स्पायडरमॅन १९६२ पासून छापला जात आहे. ते सारे वाचायला आयुष्य पुरणार नाही आणि त्याची गरजही नसते. गाजलेल्या कथानकांचे अंक बहुधा एका खंडात एकत्र बांधून मिळतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकातील दुकानांचा भर पाठ्यपुस्तकांवर असल्याने असा खंड इंग्रजी पुस्तकांच्या दुकानातून मागवून घेणे सोयीचे पडते. सुटे जुने अंक हवे असतील, तर बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात चक्कर मारावी. हवा तोच अंक मिळेल याची खात्री नाही, पण इंद्रजाल कॉमिक्सचा एखादा मराठी ‘वेताळ’ (म्हणजे फँटम) हाती लागला, तर तो मुळीच सोडू नये. पैसे देण्यापूर्वी अंक मध्यभागी उघडून पाहावा, कारण पिनांजवळचे जोडपान निखळलेले असण्याचा संभव असतो आणि पावसाळ्यात ओल लागलेली पाने एकमेकांना चिकटलेली असतात.

पहिले वाचन सलग, कथेसाठी करावे. दुसऱ्या वाचनाला कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि कथेचा कणा कोणता व बदलता येण्याजोगे तपशील कोणते, हे लिहून काढावे. याचा सराव करण्यासाठी ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ हे एक्स-मेन या अलौकिक शक्ती असलेल्या वीरांच्या गटाचे कथानक उत्तम आहे. ख्रिस क्लेअरमॉन्ट आणि जॉन बर्न यांनी ते १९८१ मध्ये १४१ आणि १४२ या केवळ दोन अंकांत मांडले. त्यातील पहिल्या अंकाचे मुखपृष्ठच पाहावे: प्रकाशझोतात सापडलेले वुल्व्हरिन आणि किटी प्राइड हे एक्स-मेनमधील दोघे भिंतीला पाठ लावून उभे आहेत, मागच्या पोस्टरवर त्यांच्या साथीदारांचे चेहरे आहेत आणि त्या चेहऱ्यांवर कोणी मारला गेल्याची, तर कोणी पकडला गेल्याची नोंद आहे. अंक उघडण्यापूर्वीच कथेतला भविष्यकाळ किती भीषण आहे, ते वाचकाला कळून चुकते.

या कथेत किटीचे मन भूतकाळातील तिच्याच तरुण देहात पाठवले जाते; २०१४ च्या चित्रपटात मात्र वुल्व्हरिनला पाठवले आहे. किटीच्या चाहत्यांना हे खुपणे स्वाभाविक आहे. तथापि चित्रपटातील भूतकाळ १९७३ चा असून तेव्हा किटीचा जन्मच झालेला नाही, तर जखमा झटपट भरून येणारा आणि वयही फारसे न जाणवणारा वुल्व्हरिन दोन्ही काळांत असू शकतो, हे लक्षात घेतले की त्या बदलामागचा विचार पटतो. रूप बदलू शकणारी मिस्टीक जिची हत्या करू पाहते ती व्यक्तीही बदलली आहे: कॉमिकमध्ये सिनेटर केली, चित्रपटात शस्त्रनिर्माता बोलिव्हर ट्रास्क. ती हत्या रोखण्यासाठी मन मागे पाठवायचे, हा कणा मात्र शाबूत राहिला आहे. आपल्या आगामी चित्रपटाच्या कॉमिकसाठी असाच कागद तयार ठेवावा.

त्याच कागदावर केवळ पानालाच साधणाऱ्या गोष्टींचीही नोंद करावी. ‘वॉचमेन’ या कॉमिकच्या पाचव्या अंकाची रचना अशी आहे की पहिले पान शेवटच्या पानाचे प्रतिबिंब ठरते. पाने मागे-पुढे उलटणाऱ्या वाचकालाच हे दिसू शकते. अंधारात बसलेल्या प्रेक्षकाकडून त्याची अपेक्षा करता येत नाही, म्हणून अशा गोष्टी पडद्यावर शोधू नयेत.

ट्रेलर एकदा-दोनदा पाहावा. त्यातील काही दृश्यांचे संगणकीय काम अपुरे असू शकते आणि काही संवाद अंतिम चित्रपटात नसतातही, तेव्हा त्यावरून निकाल देण्याची घाई करू नये. प्रदर्शनाच्या आठवड्यात समाजमाध्यमांवर नायक, खलनायक आणि चित्रपटाचे नाव हे शब्द म्यूट करावेत.

तिकीट काढताना खेळ मूळ इंग्रजीतला आहे की हिंदी डबिंगचा, हे तपासावे. थ्रीडी चष्म्यातून चित्र अंमळ काळपट दिसते, म्हणून रंगांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कॉमिकवरचा चित्रपट मी टूडीमध्येच पाहण्यास सुचवेन. मध्यंतर हे दिग्दर्शकाने योजलेले नसते, आपल्याकडील चित्रपटगृहे ते घालतात. ते ऐन प्रसंगात आले, तरी त्या दहा-पंधरा मिनिटांत मोबाइल उघडू नये. श्रेयनामावली सुरू होताच दिवे लागतात आणि लोक उठू लागतात, परंतु २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून शेवटी छोटे दृश्य ठेवण्याचा प्रघात चांगलाच रुजला असल्याने अखेरपर्यंत बसून राहावे.

त्याच रात्री, कोणाचेही परीक्षण वाचण्यापूर्वी, आपला कागद काढून खुणा कराव्यात. दुसऱ्यांदा पाहायचा असल्यास आठवड्याच्या मधल्या दिवसाचा सकाळचा खेळ घ्यावा: तिकीट सहसा स्वस्त पडते, गर्दी विरळ असते आणि कथा ठाऊक झाल्यामुळे दिग्दर्शकाने कॉमिकमधील कोणत्या चौकटी जशाच्या तशा उचलल्या आहेत, ते निवांतपणे ताडून पाहता येते.