छोट्या जेटमध्ये सीट निवडताना आधी इंजिन कुठे आहे ते बघा

"पुढची सीट घे, शांत असते," हा सल्ला सगळेच देतात. मोठ्या विमानात तो बऱ्यापैकी खरा ठरतो. छोट्या विमानात मात्र विमान कोणतं ते कळल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

म्हणून पैसे भरण्याआधी बुकिंगच्या पानावर फ्लाइट नंबरच्या आसपास विमानाचा प्रकार शोधा. सापडला नाही तर सीटचा नकाशा उघडा. डावीकडे एक आणि उजवीकडे दोन सीट दिसल्या, तर आपल्याकडे ते बहुधा एम्ब्रेअर कंपनीचं ५० सीटचं ईआरजे-१४५ असतं. दोन्हीकडे दोन-दोन असतील तर त्याच कंपनीचं मोठं जेट ई-१७५ किंवा पंख्याचं एटीआर. कोल्हापूरच्या घोडावत समूहाच्या स्टार एअर या विमान कंपनीकडे एम्ब्रेअरची ही दोन्ही जेट आहेत, त्यामुळे आपल्या भागातल्या प्रवाशांना हा फरक माहीत असलेला बरा.

ईआरजे-१४५ असेल तर फार विचार न करता डावीकडची एकटी सीट पकडा. खिडकीही तुमची आणि पॅसेजही तुमचा. शेजारी कुणी नसल्यामुळे हाताच्या दांडीवरून मूक भांडण नाही, उठायला कुणाला "जरा सरकता का" म्हणावं लागत नाही. या बाजूला डोक्यावर सामानाचा कप्पाही नसतो, म्हणून थोडं मोकळं वाटतं. बॅग पॅसेजपलीकडच्या कप्प्यात ठेवायची. एक खोट आहे. विमानाची भिंत आत वळत येते, त्यामुळे रुंद खांद्याच्या माणसाला त्या बाजूला जरा कलून बसावं लागतं. अशांनी दोनातली पॅसेजची सीट घ्यावी. उंच असाल तर हेही ध्यानात ठेवा, की मधल्या वाटेत छताची उंची जेमतेम सहा फूट आहे. चढताना मान वाकवा, नाहीतर टाळकं आपटेल.

आता रांग. या विमानाची दोन्ही इंजिनं शेपटीजवळ आहेत, टॉयलेटही मागेच. शेवटच्या तीन-चार रांगांत घरघर, दाराची उघडझाप आणि अगदी शेवटच्या रांगेत बहुतेक वेळा मागे न झुकणारी पाठ, असं सगळं एकदम पदरात पडतं. पुढे या. पण ज्यांना हेलकाव्यांनी मळमळतं त्यांनी अगदी पहिल्या रांगेचा हट्ट धरू नये. पंखाच्या किंचित पुढची सीट घ्यावी. विमान पंखापाशी सगळ्यात कमी हलतं.

ई-१७५ मध्ये इंजिनं पंखाखाली आहेत. पंखाच्या पुढे बसा, आवाज कमी. या विमानात मधली सीट नाहीच, त्यामुळे चुकायला फारसा वाव नाही.

एटीआर हे जेट नव्हे, पण नकाशात फसवतं म्हणून सांगतो: तिथे पंखे फिरतात त्या रांगांत सगळ्यात जास्त आवाज, मागे त्यामानाने शांत. प्रवाशांचं दारही मागे, म्हणजे उतरायलाही मागचेच पुढे.

आपत्कालीन दाराजवळ पाय पसरायला जागा मिळते, पण लहान मुलं, गर्भवती किंवा मदतीची गरज असलेल्या प्रवाशांना तिथे बसू देत नाहीत. त्या रांगेच्या अगदी पुढची सीट टाळा, तिची पाठ बऱ्याचदा झुकत नाही.

उन्हाचाही हिशेब करा. मुंबईहून कोल्हापूरला सकाळी जाताना डावी बाजू पूर्वेला, ऊन थेट डोळ्यांवर. संध्याकाळी परतताना तीच डावी बाजू पश्चिमेला येते. ऊन तेव्हाही असतं, पण हवा स्वच्छ असेल तर कोकण आणि समुद्रही त्याच बाजूला.

एवढं करून बसलात आणि हवाईसुंदरीने "सर, जरा मागे बसाल का?" म्हटलं, तर वाद घालू नका. विमान अर्धं रिकामं असेल तर वजनाचा समतोल साधायला माणसं हलवावी लागतात. आणि ईआरजेच्या कप्प्यात चाकांची बॅग मावेल याची खात्री नाही. ती शिडीपाशीच काढून घेऊन विमानाच्या मागच्या सामानाच्या जागेत टाकतात, तेव्हा पॉवर बँक, औषधं आणि चष्मा आधीच काढून खिशात ठेवा.