पाद्र्याचा पगार कोण देतं?

"एवढा मराठ्यांचा इतिहास पडलाय, आणि तू अमेरिकेतल्या पाद्र्यांच्या मागे?" घरच्या प्रत्येक लग्नात मला हे कोणीतरी विचारतंच. सुरुवात खरं तर नगरलाच झाली. अमेरिकन मिशनने नगरला १८३१ मध्ये बस्तान बसवलं, १८४२ मध्ये तिथून 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक निघू लागलं. एम.ए.नंतर मला त्यावरच लिहायचं होतं. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेला मिशनरी गॉर्डन हॉल मुळात कुठला, हे शोधताना कळलं की त्याची पाद्रीपदाची दीक्षा फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलममध्ये झाली होती. तेच सेलम, जिथे १६९२ मध्ये चेटकाच्या आरोपावरून एकोणीस जणांना फासावर चढवलं. एका गावाच्या नशिबी या दोन्ही गोष्टी कशा, हे बघायला दोनशे वर्षं मागे गेले ती तिकडचीच झाले. मिशनवरचं पुस्तक अजून लिहायचंय.

वसाहतकाळातल्या अमेरिकेतला धर्म आणि राजकारण, हा माझा विषय. या विषयात नव्याने येणाऱ्यांची पहिली अडचण म्हणजे आपण डोक्यात दोन डबे घेऊन येतो, एक धर्माचा, एक राजकारणाचा, आणि मग 'संबंध' शोधतो. सतराव्या शतकातल्या मॅसॅच्युसेट्समध्ये, म्हणजे इंग्लंडहून आलेल्या प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट लोकांच्या वसाहतीत, ते डबे भलत्याच ठिकाणी उघडतात. १६३१ पासून मताचा अधिकार फक्त चर्चच्या सभासद पुरुषांना होता. हे वाचून लगेच 'धर्मसत्ता' लिहून मोकळे होऊ नका. पाद्र्यांना तिथे सरकारी पद मिळत नसे, आणि लग्नं पाद्री नाही, मॅजिस्ट्रेट लावत. 'ते धर्मस्वातंत्र्यासाठी आले' हे वाक्यही अर्धंच आहे. स्वातंत्र्य स्वतःपुरतं हवं होतं. मेरी डायर या क्वेकर (पाद्री न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथातल्या) बाईला याच लोकांनी १६६० मध्ये बॉस्टनला फाशी दिली.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षीच्या सेमिनारमध्ये मी ॲन हचिन्सनच्या प्रकरणावर निबंध लिहिला; पाद्र्यांवर टीका केली म्हणून बॉस्टनमधल्या या बाईला वसाहतीतून हद्दपार केलं होतं. तिचा नातलग जॉन व्हीलराइट याने उपवासाच्या दिवशी एक प्रवचन दिलं, त्यावरून त्याला राजद्रोहाबद्दल दोषी धरलं गेलं. प्रवचनाची तारीख जानेवारी १६३६. हचिन्सनच्या बाजूचा हेन्री व्हेन वसाहतीचा गव्हर्नर झाला मे १६३६ मध्ये. मी झोकात मांडलं की प्रवचनाने हवा तापवली आणि व्हेन निवडून आला. प्राध्यापकांनी शांतपणे विचारलं, "यांचं वर्ष कधी सुरू होतं?" पंचवीस मार्चला! म्हणजे तो 'जानेवारी १६३६' आपला जानेवारी १६३७. माझी अख्खी कारणमीमांसा उलटी. खरा क्रम असा: व्हेन आधीच गव्हर्नर, मग प्रवचन, मार्चमध्ये व्हीलराइटवर राजद्रोहाचा ठपका, मे १६३७ च्या निवडणुकीत हचिन्सनचा विरोधक जॉन विन्थ्रॉप याने व्हेनला पाडलं आणि नोव्हेंबरमध्ये हचिन्सनवर खटला, न्यायासनावर तोच विन्थ्रॉप. मला हद्दपार का करताय, असं तिने विचारलं, तर कोर्टाला कारण माहीत आहे आणि कोर्टाचं समाधान झालंय, असं उत्तर मिळालं. निवडणूक आणि खटल्यात सहा महिन्यांचं अंतर आहे, हे दिसलं की प्रकरणाचा रंगच बदलतो.

त्यात हे लोक महिन्यांची नावं मूर्तिपूजकांची म्हणून टाळतात आणि आकडे लिहितात. मार्च पहिला, म्हणून 'अकरावा महिना' म्हणजे जानेवारी. हा घोळ १७५२ पर्यंत चालतो. पेशवे दफ्तरातला सुहूर सन जुळवताना ज्यांचं डोकं दुखलंय त्यांना हे परकं वाटणार नाही. हस्ताक्षराचंही तसंच. मोडी वाचायला शिकला असाल तर तुम्हाला एक गोष्ट ठाऊक असते जी माझ्या अमेरिकन वर्गमित्रांना नव्हती: पहिले दोन आठवडे काहीच लागत नाही, आणि मग एका सकाळी लागायला लागतं.

प्रवचनांपासून सुरुवात करू नका, असं मी सांगेन. ती छापलेली आहेत, भरपूर आहेत आणि तुमच्याआधी अनेकांनी चाळली आहेत. गावाच्या सभेची चोपडी उघडा. पाद्र्याचा पगार कोण देतं, सरपणासाठी लाकडं कोण पुरवतं, कर द्यायला नकार कोण देतं. १७५० च्या सुमारास स्टरब्रिज गावात पाद्र्यासाठीचा कर न भरणाऱ्या बाप्टिस्टांची (सरकारमान्य चर्चपासून फुटलेल्या पंथातल्या लोकांची) भांडीकुंडी, जनावरं जप्त झाली. धर्म आणि राज्य वेगळं असावं हा विचार जेफरसनच्या टेबलावर येण्याआधी अशा घरांच्या ओसरीत भांडला गेला होता. मॅसॅच्युसेट्समध्ये हा कर पूर्णपणे सुटायला १८३३ उजाडलं.

अमेरिकेतल्या पीएच.डी.चं थोडक्यात: पाच-सात वर्षं धरून चला. पहिली दोन वर्गांची, मग तोंडी परीक्षा, मग दफ्तरं. विद्यावेतन मिळतं, बदल्यात शिकवावं लागतं. अर्जात 'मला धर्म आणि राजकारणात रस आहे' लिहू नका. एक गाव, एक भांडण, एक दशक लिहा. अर्जासोबत द्यायच्या नमुना-निबंधासाठी अमेरिकेत जायचीही गरज नाही. बॉस्टनच्या काँग्रिगेशनल लायब्ररीने 'न्यू इंग्लंड्स हिडन हिस्टरीज' नावाने जुन्या चर्चच्या नोंदवह्या मोफत ऑनलाइन ठेवल्या आहेत, कित्येक पानांचं लिप्यंतरही आहे. त्यातलं एखादं आडगाव निवडा. बॉस्टन नको, तिथे रांग आहे.