केनिया सफारीला जाताय? लस, मलेरियाच्या गोळ्या आणि परत आल्यावरचा ताप

मसाई माराचं बुकिंग झालं ना, मग पहिलं काम यलो फीव्हरच्या लसीचं. ही फॅमिली डॉक्टरकडे मिळत नाही, ठरावीक सरकारमान्य सेंटरलाच मिळते (मुंबईत एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे) आणि सर्टिफिकेट 10 दिवसांनी लागू होतं म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. हे सर्टिफिकेट म्हणजे पिवळं कार्ड, ते पासपोर्टसोबतच ठेवा, कारण केनियाहून परत येताना ते नसेल तर भारतात उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. जिवंत लस आहे (म्हणजे तिच्यात कमजोर केलेला जिवंत विषाणू असतो), त्यामुळे साठीच्या पुढचे आई-बाबा, गरोदर बायका, अंड्याची जोरदार अ‍ॅलर्जी असणारे, यांनी आधी डॉक्टरांशी बोलायचंच.

आता मलेरिया, आणि इथेच आपले लोक गाफील राहतात. आम्ही डासांतच वाढलो, आम्हाला काय होतंय, असं म्हणतात. अहो, तिकडचा मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम या घातक प्रकारचा असतो, तो मेंदूपर्यंत जातो, एक-दोन दिवसांत माणूस सीरियस होतो आणि क्लोरोक्विन ही मलेरियाची जुनी गोळी तिथे चालत नाही. नैरोबी उंचावर आहे म्हणून तिथे धोका कमी, पण मारात आणि मोम्बासाच्या किनाऱ्यावर आहे. डॉक्टरांकडून प्रतिबंधक गोळ्या लिहून घ्या. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जायच्या 1-2 दिवस आधीपासून रोज, जेवणासोबत, आणि परतल्यावर 7 दिवस. डॉक्सिसायक्लिन स्वस्त पडते पण परतल्यावर 4 आठवडे चालू ठेवावी लागते, उन्हात कातडी भाजते ते वेगळंच. घरी आलो, झालं, असं करून मध्येच सोडू नका प्लीज.

हे डास संध्याकाळ ते पहाट चावतात, तेव्हा फुल बाह्या, डीट असलेलं रिपेलंट, रात्री मच्छरदाणी. सफारीला निळे-काळे कपडे नकोत, त्सेत्से ही चावणारी माशी त्या रंगांवर येते. पाणी सीलबंद बाटलीचं, बर्फ नको, ओआरएसची पाकिटं बॅगेत असू द्या. माराच्या आत मोठं हॉस्पिटल नाही, सीरियस पेशंट विमानाने नैरोबीला आणतात, म्हणून इन्शुरन्समध्ये एअर इव्हॅक्युएशन आहे का ते नीट वाचा, नसेल तर अ‍ॅमरेफ फ्लाइंग डॉक्टर्स या एअर अ‍ॅम्ब्युलन्स सेवेचं टुरिस्ट कव्हर मिळतं ते घ्या.

आणि परत आल्यावर पुढचे तीन महिने कधीही ताप आला, गोळ्या सगळ्या घेतल्या असल्या तरी, व्हायरल असेल म्हणून क्रोसिन घेऊन झोपू नका, त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करा आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा की आफ्रिकेत जाऊन आलोय.