नो-पार्किंगचं चलान चुकीचं आलंय? या चुका टाळा

‘आधी पैसे भरून टाकू, मग तक्रार करू’ असं म्हणणारे खूप भेटतात. हातातली बाजू तिथेच जाते. चलानाची रक्कम हे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खालचं तडजोड शुल्क असतं. ते भरलं की प्रकरण मिटतं आणि दाद मागायला काही उरत नाही. चलान मान्य नसेल तर आधी हरकत घ्या.

मात्र व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून किंवा एपीके फाइलवरून (फोनवर ॲप बसवणारी फाइल) काहीच करू नका. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ‘महाट्रॅफिक’ या अधिकृत पोर्टलवर किंवा ॲपवर गाडीचा नंबर स्वतः टाकून बघा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चलानासोबतचा फोटो नीट न बघता तक्रार लिहायला बसणं. तो मोठा करा. नंबर प्लेट वाचता येते का? ३ चा ८ झालाय का? गाडीची कंपनी, रंग जुळतो का? मागे जागा ओळखता येईल अशी काही खूण आहे का? माझ्या स्कूटरच्या नावावर आलेल्या एका चलानातल्या फोटोत चक्क मोटरसायकल होती. ‘त्या दिवशी मी घरीच होतो’ असं मी रागाच्या भरात लिहिलं, आणि तक्रार फेटाळली गेली. दुसऱ्यांदा चलानातला फोटो, आरसीची प्रत आणि नंबर दिसेल असा स्कूटरचा फोटो जोडून दोनच ओळी लिहिल्या. चलान रद्द झालं.

‘पाचच मिनिटं, औषध आणायला थांबलो होतो’ हे कारण खरं असतं, वाईटही वाटतं. पण ते लिहिणं म्हणजे गाडी तिथे होती हे आपणच कबूल करणं.

‘फलकच नव्हता’ हेही सगळीकडे चालत नाही. फूटपाथवर, चौकाजवळ, बसथांब्यापाशी किंवा कुणाच्या गेटसमोर गाडी लावायला फलक नसला तरी मनाई आहे. याउलट फलक फांद्यांनी झाकला असेल किंवा पी-१, पी-२ ची (विषम आणि सम तारखांना गाडी कोणत्या बाजूला लावायची ते सांगणाऱ्या फलकांची) अक्षरं पुसली असतील, तर हरकतीत दम आहे. फोटो त्याच दिवशी काढा: एक फलकाचा जवळून, एक गाडी आणि फलक दोन्ही दिसतील असा लांबून. आठवड्याने गेलात तर फांदी छाटलेली असू शकते. सम-विषम तारखांच्या रस्त्यावर मात्र रात्री बरोबर लावलेली गाडी सकाळी चुकीच्या बाजूला असते. ‘कालच लावली होती’ हे उत्तर तिथे टिकत नाही.

लोकअदालतीकडूनही चुकीची अपेक्षा ठेवू नका. तिथे तडजोड होते, तुम्ही निर्दोष असल्याचा निकाल मिळत नाही. तक्रार फेटाळली गेली आणि पुरावा भक्कम असेल, तर न्यायालयात गुन्हा अमान्य असल्याचं सांगावं लागतं. नो-पार्किंगसाठी पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे चुकीचं पहिलं चलान गप्प भरणं स्वस्त पडेलच असं नाही. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट तेवढा जपून ठेवा. पुढे कुठेही गेलात तरी तो आधी मागतील.