साताऱ्याची हिल मॅरेथॉन: चढापेक्षा उताराची तयारी करा

सातारा हिल हाफ मॅरेथॉनला पहिल्यांदा उतरणारा प्रत्येक जण यवतेश्वरच्या घाटाला घाबरतो. चढ आहेच, पण तो माणसाला आपोआप हळू करतो. दम लागला तर सरळ चाला, कुणी हसत नाही. पाय जातात ते परतीच्या उतारावर. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेक मारत असतात, आणि त्यांना त्याची सवय नसते. मग सोमवारी जिना उतरताना कठडा धरावा लागतो, तेही एका अंगाने उतरत!

म्हणून शर्यतीआधीच्या दीड-दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा उतारावर पळा. पुणेकरांना सिंहगडाचा डांबरी घाट आहे, मुंबईकरांनी एखादा कमी वर्दळीचा फ्लायओव्हर पहाटे गाठावा. सुरुवातीला चार-पाचशे मीटरच्या तीन-चार फेऱ्या पुरेत. शेवटचा सराव दहा-बारा दिवस आधी, नंतर नको.

पावलं छोटी आणि भरभर टाका. पाय पुढे फेकून टाच आपटली की गुडघा बोंबलतो. नखं तीन-चार दिवस आधी कापा. लेस घोट्याशी घट्ट बांधा, म्हणजे उतारावर बोटं बुटाच्या टोकाला धडकणार नाहीत. माझ्या अंगठ्याचं नख असंच काळंनिळं होऊन गेलं. आणि पाऊस असेल तर रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पाय देऊ नका, तिथे हमखास घसरतं.