दहा कोंबड्या आन् मे महिन्याचं ऊन

लई जण विचारायलेत की परसात आठ-दहा कोंबड्या पाळायच्यात, कोणती जात घ्यावी. जातीचं नंतर बघू, आधी सावली किती हाय ते सांगा. आपल्याकडं लातूर-परभणीला मे मधी पारा ४२-४३ ला जातो आन् कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी टाकून धापा देऊनच अंग थंड करती. मी पहिल्या वर्षी हौसेनं चारी बाजूनी पत्र्याचं खुराडं करून घेतलं, वेल्डिंगवाल्याकडून कडी-कोयंडा सुद्धा, एकदम तिजोरीच. पाऊस येईल म्हणून एक दिवस कोंबड्या आतच ठेवल्या आन् दुपारी दोनला बघतो तर तीन कोंबड्या पाय ताणून पडलेल्या. मुंगसानं नाही, बोक्यानं नाही, माझ्या पत्र्यानं मारल्या.

आता खुराडं कडूलिंबाच्या झाडाखाली हाय. लांबट, पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन सरळ आत शिरत नाही, आन् उत्तर-दक्षिण दोन्ही बाजूला जाळी. दहा कोंबड्यांला रातच्या मुक्कामापुरतं पाच बाय चार फूट पुरतं. जाळी बारीक भोकाची आन् जाड तारेची घ्या, मोठ्या भोकातून साप येतो आन् पातळ जाळी मुंगूस वाकवतंय. पत्रा असलाच तर त्याच्यावर तुराट्या नाहीतर कडबा वीतभर जाड पसरा, फरक हात लावून कळतो. आत दीड-दोन फुटावर एक आडवा दांडा, कारण कोंबडीला रातच्याला उंचावर बसायचं असतं. खाली सोयाबीनचं भुस्कट चार बोटं. आठवड्याला हलवायचं, ओलं झालं की बदलायचं, आत वाकल्यावर तुमचे डोळे चुरचुरायले तर समजा कोंबड्यांचं काय होत असंल.

उन्हाळ्यात खायला सकाळी उजाडल्या-उजाडल्या आन् मग ऊन उतरल्यावर. दुपारी टाकू नका, पोटात दाणा जिरताना अंगात आणखी उष्णता तयार होती. पाणी मात्र दिवसभर, मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत, दुपारून एकदा बदलून. जाळीला ओलं बारदान लटकवा. उन्हाळ्यात अंड्याचं कवच पातळ होतंय असं सगळे म्हणतात, त्याचं कारण बी ह्या धापाच, जोरात श्वास टाकताना कवचाला लागणारा माल रक्तात कमी पडतो, आन् खाणं बी कमी झालेलं असतं. म्हणून शिंपल्याची भरड नाहीतर अंड्याची टरफलं वाळवून, कुटून एका वाटीत वेगळी ठेवा. ज्या कोंबडीला पाहिजे ती खाती.

दाण्याचं म्हणाल तर एका कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम लागतं, मोकळी फिरणारी असली तर निम्मं ती उकिरड्यावरच उकरून घेती. ज्वारी, बाजरी, मक्याची भरड, तुकडा तांदूळ, जे घरात असंल ते. पण नुसत्या ज्वारीवर अंडी येत नाहीत, सोबत पेंड पाहिजे. आन् एक सांगतो, घरात सोयाबीन पडलेलं असतंय म्हणून कच्चंच टाकणारे लई हायेत. कच्चं सोयाबीन कोंबडीला पचत नाही, त्याची पेंड चालती. बुरशी लागलेली मका तर अजिबात नको.

जात. गावरान घ्या, अंडी वर्षाला पन्नास-साठच, पण घार दिसली की आधी तीच ओरडती आन् पिल्लं बी तीच काढती. वनराजा, गिरिराज ह्या सुधारित जाती वजनाला भारी, अंडी जास्त, पण पळता येत नाही आन् अंड्यावर बसायला बी नाखूश. मी आठ गावरान आन् दोन वनराजा ठेवतो, एक कोंबडा पुरतो.

कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंड्यावर बसायला लागली, की दहा-बारा अंडी खाली ठेवा, सात दिवसाच्या आतली. एकवीस दिवसात पिल्लं. सातव्या-आठव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरून बघा, आत कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर ठीक, नितळ दिसलं तर काढून टाका. मे मधी बसवायच्या भानगडीत पडू नका, उकाड्यानं अंडी नासतात. बसवायचं नसंल तर खुडूक मोडायला तिला चार दिवस जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा, खाली गवत-भुस्कट काही नको. नाकात पीस खुपसायची पद्धत गावाकडं हाय, माझं ऐकाल तर तसलं करू नका.

खरा दणका मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा. बाजारातून दोन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणल्या आन् त्याच संध्याकाळी कळपात सोडल्या, आठवड्यात मान वाकडी करून, हिरवं हगत एकेक गेली. नवीन कोंबडी किमान पंधरा दिवस वेगळी, तिचं पाण्याचं भांडं बी वेगळं. मानमोडीची लस चुकवू नका, पिल्लाला सहाव्या-सातव्या दिवशी लासोटा लसीचा डोळ्यात एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आन् आठव्या आठवड्यात आर-टू-बी लसीची सुई. अडचण ही की कुपी शंभर-दोनशे पिल्लांची येती आन् एकदा कालवली की तास-दीड तासात संपवावी लागती. आम्ही गल्लीतली पाच-सहा घरं मिळून एकच दिवस धरतो, कुपी बर्फाच्या थर्मासात आणतो. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला होता, म्हणून एकदम तीन-चार कोंबड्या मेल्या तर त्या खाऊ नका, नाल्यात फेकू नका, जनावरांच्या दवाखान्यात कळवा.

उवा-पिसवांसाठी एका कोपऱ्यात राख आन् माती कालवून खड्डा ठेवा. त्यात लोळताना कोंबडी डोळे मिटून, एक पंख पसरून अशी पडती की नवीन माणसाला वाटतं मेली.

लस, तपासणी, जे काय अंगाला हात लावायचं ते रातच्याला. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, फळीवरून फळ उचलावं तशी उचलता येती. आमची माय रोज दिवेलागणीला झाकायच्या आधी दांड्यावर हात फिरवून मोजती, एक, दोन, तीन. नऊ भरल्या की काठी मागती, कारण दहावी रोज लिंबावर जाऊन बसलेली असती.