पुरळ आणि गाठी एकत्र दिसल्या, तर या चुका टाळा

भातकापणीच्या दिवसांत कोकणातल्या दवाखान्यांत तापाने फणफणलेले, अंगावर पुरळ उठलेले रुग्ण बरेच असतात. कुणाला लेप्टो, कुणाला डेंग्यू, कुणाला बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस. या गर्दीत अँजिओइम्युनोब्लास्टिक टी-सेल लिम्फोमा हा लसीकाग्रंथींचा दुर्मीळ कॅन्सर सहज नजरेतून सुटतो. तो मुख्यतः साठीच्या पुढेमागे होतो. जवळपास निम्म्या रुग्णांच्या त्वचेवर त्याच्या खुणा उमटतात, कधी कधी गाठींचं निदान होण्याच्याही आधी.

पहिली चूक म्हणजे नुसतं पुरळ बघणं. काजूचा चीक बाधला तर बहुधा जिथे लागला तिथेच, हातांवर किंवा चेहऱ्यावर उठतं. या आजाराचं पुरळ बहुतेक वेळा छाती, पोट, पाठीवर पसरतं. गोवरासारखं लाल, बारीक, अनेकदा खाजरं. तेव्हा सदरा काढून नीट बघा आणि मान, काखा, जांघा चाचपून घ्या. जांघेत गाठ लागली की आपल्याकडे ‘अवधाण आलंय’ म्हणून सोडून देतात. पण अवधाण पायाला जखम असेल त्या बाजूला येतं आणि जखम भरली की हळूहळू बसतं. मानेत, काखेत, जांघेत अशा सगळीकडे गाठी असतील, रात्री घामाने चादर भिजत असेल, वजन उतरत असेल, तर थांबू नका. स्क्रब टायफसमध्येही ताप, पुरळ, गाठी असतात. मात्र डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केल्यावर ताप सहसा दोन दिवसांत उतरतो. नाही उतरला, तर पुढचा शोध घ्यायलाच हवा.

‘औषधाची रिअ‍ॅक्शन’ हा शेराही जपून मारावा. या रुग्णांना अँटिबायोटिकनंतर खरोखरच पुरळ उठू शकतं, त्यामुळे सगळ्यांचीच फसगत होते. औषध बंद करूनही काही आठवड्यांत पुरळ गेलं नाही, तर दोष औषधावर ढकलून चालणार नाही.

सर्वांत महागात पडते ती घाईने सुरू केलेली स्टेरॉइडची गोळी. तिने पुरळ मावळतं, ताप उतरतो, गाठीही लहान होतात. घरात सुटकेचा नि:श्वास पडतो आणि डोस कमी करताच सगळं परत येतं. शिवाय गोळी चालू असताना घेतलेल्या बायोप्सीत आजार धड दिसत नाही. म्हणून प्रकृती गंभीर नसेल तर आधी बायोप्सी, मग स्टेरॉइड, असं माझं स्पष्ट मत आहे. गोळ्या आधीच चालू असतील तर मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या मलमाची ट्यूबही दाखवा, त्यातही स्टेरॉइड असू शकतं.

गाठीतून सुईने पाणी काढलं आणि ‘टीबी असेल’ म्हणून औषधं सुरू केली, हेही सर्रास घडतं. सुईत सुट्या पेशी येतात. हा आजार ओळखायला ग्रंथीची रचना, तिच्यातल्या फांद्या फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या दिसाव्या लागतात. कॅन्सरच्या पेशी तर अनेकदा मोजक्याच असतात. त्यामुळे शक्यतो अख्खी गाठ काढून घ्यावी. टीबीच्या कल्चरसाठीचा (जंतू वाढवून बघण्यासाठीचा) तुकडा सलाईनमध्ये जातो, फॉर्मेलिनमध्ये नाही. हे ऑपरेशनच्या आधीच विचारून ठेवा.

त्वचेच्या बायोप्सीत ‘रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), विशेष काही नाही’ असं आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. सीडी१०, पीडी-१, बीसीएल६ या मार्कर तपासण्या (कॅन्सरच्या पेशी ओळखायच्या खुणा) आणि टी-सेल म्हणजे टी-पेशींच्या जनुकांची तपासणी झाली का, ते विचारा. त्वचेत आणि गाठीत एकाच टी-पेशीचा वंश सापडला, तर त्वचेतही लिम्फोमा असल्याचा तो भक्कम पुरावा.

मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलला किंवा गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. स्लाइड आणि काढलेला तुकडा ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक गाडीत उन्हात ठेवू नका, मेण वितळतं.

उपचार चालू असताना पुन्हा पुरळ उठलं, तर तो आजार उलटलेला असेल, औषधाचा परिणाम असेल किंवा नागीणही असेल. घरी कोकमाचं आगळ चोळत दिवस काढू नका. उजेडात फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. आणि केमोच्या काळात ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर त्याच क्षणी जवळचं रुग्णालय गाठा. मुंबईच्या गाडीचं तिकीट मिळेपर्यंत वाट बघू नका.